शिंगरू शांत झालंय की नुसतं गोठलंय?

बुजऱ्या शिंगराला खांबाला आखूड बांधायचं आणि ते थकेपर्यंत त्याच्या अंगावर प्लॅस्टिकची पिशवी फडफडवायची, ही पद्धत अजून चालते. ते उड्या मारतं, दोर ओढतं, मग एकदम उभं राहतं आणि सगळे म्हणतात झालं, भीती मोडली. मला हे ऐकून पोटात तुटतं, कारण शांत झालेलं आणि गोठलेलं शिंगरू लांबून सेमच दिसतं, पण एकाची भीती गेलेली असते आणि दुसऱ्याची सुटकेची आशा. सेलिगमन आणि मायर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कुत्र्यांवर हेच दाखवलं होतं, आधी शॉकपासून सुटकाच मिळाली नाही म्हणून नंतर वाट मोकळी असूनही बरीच कुत्री हललीच नाहीत.

ओळखायचं तर पायांकडे नको, तोंडाकडे बघा. निवळलेलं शिंगरू मान खाली सोडतं, पापण्या मिटमिटवतं, कान इकडेतिकडे फिरवतं, लांब फुर्र करतं. गोठलेल्याचा डोळा एकाच जागी खिळलेला, ओठ घट्ट, मान कडक, शेपूट दाबलेली, कधीकधी उन्हात नसतानाही घाम. असलं जनावर माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे घोड्यावर लहान मुलं बसतात आणि झाडावरून माकड कधीही उडी टाकतं, तिथे काही इशारा न देता उधळू शकतं.

खरं शांत करायचं तर पिशवी एवढ्या लांब धरा की कान टवकारतील पण पाय हलणार नाहीत, तिथेच थांबा, आणि मान जराशी खाली आली की लगेच पिशवी मागे घ्या. ही मागे घेण्याची वेळच सगळं शिकवते, उशीर केला तर काय बरोबर केलं ते त्याला कळतच नाही. पिशवी घेऊन कोणीतरी पुढे चाललं आणि शिंगरू मागून आलं तर अजून छान, पुढे पळणाऱ्या वस्तूची धास्ती कमी वाटते. डावीकडून झालं की उजवीकडून परत पहिल्यापासून करा, बऱ्याचदा तिकडून ते नव्याने बुजतं. थोपटण्यापेक्षा मान संपते तिथे, आयाळीच्या बुडाशी खाजवा, तिथे खाजवल्यावर हृदयाचे ठोके कमी होतात हे फ्रान्समधल्या कामार्ग जातीच्या घोड्यांवर मोजलेलं आहे. दहापंधरा मिनिटं बास.

आणि शंका असेल तर दोर ढिला सोडून पिशवी जमिनीवर ठेवा. निवळलेलं शिंगरू थोड्या वेळाने स्वतःहून वास घ्यायला येईल, न येता लांबूनच बघत राहिलं तर अंतर वाढवून पुन्हा सुरू करा.