वामनवृक्षाची उथळ थाळी आणि नळावरचा टायमर

वामनवृक्षाला, म्हणजे बोन्सायला, पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षे जातात, अशा अर्थाची एक म्हण जपानी वामनवृक्षकारांमध्ये रूढ आहे. तार वळवणे, फांद्या छाटणे, मुळे कातरणे ही कामे पुस्तकावरून निदान समजतात. पाणी मात्र रोज नव्याने ठरवावे लागते. एप्रिल-मे महिन्यांत पुण्यातल्या एखाद्या गच्चीवर वड, उंबर, चिंच, कामिनी अशा वीस-पंचवीस थाळ्या मांडून बसलेल्या माणसाला चार दिवस गावी जायचे झाले की शेजाऱ्यांकडे किल्ली देण्यावाचून गत्यंतर नसते, आणि शेजारी कितीही भला असला तरी त्याचा हात एक तर आखडता असतो नाही तर फार सैल. त्यामुळे नळाला टायमर लावून नळ्या जोडण्याचा विचार प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येतोच. अडचण अशी, की घरगुती ठिबकचे तयार संच बहुधा गुलाब-जास्वंदीच्या खोल कुंड्यांच्या हिशेबाने वापरले जातात. पाच सेंटिमीटर खोलीच्या थाळीत पाणी वेगळे वागते, आणि ते कसे हे समजून न घेता संच जोडला तर एकाच थाळीतले झाड एका बाजूने सुकते आणि दुसऱ्या बाजूने कुजते.

हे वागणे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. भांडी घासायचा एक नवा स्पंज पाण्यात पूर्ण बुडवून काढावा आणि न पिळता तळहातावर आडवा धरावा. थोडे पाणी निथळते आणि थेंब थांबतात. आता तोच स्पंज हलकेच उभा करावा. खालच्या कडेतून पुन्हा धार लागते. स्पंज तोच, त्याची छिद्रे तीच, पण उभा केल्यावर त्यात पाणी कमी राहते. कारण असे, की केशाकर्षणामुळे छिद्रांत धरून ठेवलेल्या पाण्याचा तळाशी एक थर बनतो आणि त्या थराची उंची छिद्रांच्या आकारावर ठरते, स्पंजाच्या उंचीवर नाही. एक मिलिमीटर व्यासाच्या काचनळीत पाणी साधारण ३ सेंटिमीटर चढते, अर्धा मिलिमीटर व्यासाच्या नळीत ६ सेंटिमीटर. मातीतली छिद्रे काही अशी सरळ नळ्या नसतात, तरी नियम तोच लागू पडतो. बारीक मातीने भरलेल्या ३० सेंटिमीटर खोल कुंडीत तळचे ५-६ सेंटिमीटर चिंब राहिले तरी वरची मुळे मोकळा श्वास घेतात. तीच माती ५ सेंटिमीटरच्या थाळीत भरली तर जवळजवळ सगळी थाळीच चिंब राहते. थाळीला भोके किती, तळाशी खडे घातले का, याने या थरात फारसा फरक पडत नाही.

चिंब थर धोक्याचा असतो तो पाण्यामुळे नव्हे, तर हवेच्या अभावामुळे. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. मुळे जिवंत असतात, त्यांनाही श्वसन करावे लागते, आणि छिद्रे पाण्याने बुजली की ती गुदमरतात व मग बुरशीला आयती वाट मिळते. म्हणूनच वामनवृक्षासाठी विटांचे बारीक तुकडे, जाड रेती असे दाणेदार मिश्रण चाळून वापरतात आणि २ मिलिमीटरच्या चाळणीतून पडलेली भुकटी टाकून देतात. माझ्या मते स्वयंचलित पाण्याची तयारी नळ्या विकत आणण्यापासून सुरू होत नाही, ती या चाळणीपासून सुरू होते. माणूस झारी हातात घेऊन पाहतो की ही थाळी अजून ओली आहे आणि पुढे सरकतो. टायमरला ते दिसत नाही, त्यामुळे चुकून दोनदा पाणी पडले तरी निथळून जाईल असे मिश्रणच त्या चुकीतून झाडाला वाचवते.

मात्र मिश्रण दाणेदार केले की ठिबकची दुसरी पंचाईत उभी राहते. जळगावच्या केळीच्या बागेत एका ड्रीपरचा, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीचा, थेंब काळ्या जमिनीत आडवा पसरत जातो, कारण तिथे छिद्रे अतिशय बारीक असतात आणि केशाकर्षण पाण्याला बाजूंना ओढते. विटांच्या तुकड्यांत ही ओढ क्षीण असते, गुरुत्वाकर्षणाची सरशी होते आणि ड्रीपरखालचे पाणी सरळ तळाच्या भोकाकडे धाव घेते. ड्रीपरपासून चार बोटांवरची मुळे कोरडी राहतात, खालच्या ट्रेमध्ये पाणी दिसते, आणि आपण समजतो की झाडाला भरपूर मिळाले. याला उपाय म्हणजे पाणी एका ठिकाणी न देता सगळ्या पृष्ठभागावर देणे. ४ मिलिमीटरच्या नळीचे, ठिकठिकाणी भोके असलेले कडे खोडाभोवती मांडता येते, किंवा मोठ्या थाळीला दोन मायक्रो स्प्रेअर समोरासमोर लावता येतात. मिश्रणात कोकोपीट असेल तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. पूर्ण वाळलेले कोकोपीट पहिल्यांदा पाणी झिडकारते, त्यामुळे एकदम पाच मिनिटे पाणी सोडण्यापेक्षा एक मिनिट सोडून, दहा मिनिटे थांबून, मग उरलेले द्यावे. पहिल्या पाण्याने दाणे नुसते ओले होतात, दुसरे पाणी त्यांच्यात मुरते. एका वेळी पाणी भोकातून बाहेर येईपर्यंत दिले जावे हेही महत्त्वाचे, कारण खाली उतरणारे पाणी जुनी हवा ढकलते, मागोमाग ताजी हवा आत ओढते, आणि खतांचे व पाण्यातले क्षार धुऊन नेते. थोडे थोडे, सतत टिपकणारे पाणी हे यातले काहीच करत नाही. थाळीच्या कडेला पांढरी पुटे चढतात ती त्याचीच खूण.

आता दाबाकडे वळू, कारण बहुतेकांचे घोडे इथे अडते. शंकराच्या पिंडीवरचे अभिषेकपात्र भरलेले असताना थेंब भराभर पडतात आणि पात्र रिकामे होत येते तसे सावकाश, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. साध्या भोकातून येणारा प्रवाह पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. उंची चौपट झाली तर प्रवाह दुप्पट. गच्चीवरच्या थाळ्या आणि गच्चीवरचीच टाकी यांच्यात उंचीचा फरक असतो जेमतेम एक-दोन मीटर, म्हणजे ०.१ ते ०.२ बार दाब. दाब कमी-जास्त झाला तरी ठरलेलाच प्रवाह देणारे ड्रीपर साधारणतः अर्ध्या ते एक बार दाबापासून पुढे नीट काम करतात, म्हणजे त्यांना पाच ते दहा मीटर उंची हवी. टाकी सहाव्या मजल्याच्या वर आणि झाडे तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत असतील तर प्रश्न मिटतो. गच्चीवर मात्र छोटा पंप लावावा लागतो.

टायमर घेतानाही हेच लक्षात ठेवावे. सोलेनॉइड व्हॉल्व्हचे, म्हणजे विद्युतचुंबकाने उघडणाऱ्या झडपेचे, अनेक टायमर आतला रबरी पडदा उचलायला आणि बसवायला पाण्याचाच दाब वापरतात. दाब नसेल तर ते उघडत नाहीत, किंवा त्याहून वाईट म्हणजे उघडले की पुरते बंद होत नाहीत. ज्यात छोटी मोटर बॉल व्हॉल्व्ह फिरवते असे टायमर टाकीच्या अल्प दाबावरही चालतात. खोक्यावर किमान दाब किती लिहिला आहे हे वाचल्याशिवाय टायमर घेऊ नये.

पंपाच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती सांगण्यासारखी आहे. पिंप थाळ्यांपेक्षा उंच स्टुलावर ठेवले होते, म्हटले पंपाला कष्ट कमी. संध्याकाळी चाचणी घेतली, टायमरने दोन मिनिटांत पंप बंद केला, मी समाधानाने खाली उतरलो. सकाळी पिंप कोरडे आणि गच्चीभर पाणी. पंप बंद झाला तरी नळी पाण्याने भरलेली होती, तिचे खालचे तोंड पिंपातल्या पातळीच्या खाली होते, आणि वक्रनलिकेच्या (सायफनच्या) साध्या नियमाने पाणी रात्रभर वाहत राहिले. पंप थांबला म्हणजे पाणी थांबले हे माझे गृहीतक तेवढे चुकीचे होते. पिंप थाळ्यांच्या पातळीखाली उतरवले आणि प्रश्न संपला. ते शक्य नसेल तर नळीचा जो भाग पिंपाच्या वर सर्वांत उंच असतो तिथे सुईएवढे भोक पाडावे, म्हणजे पंप थांबताच हवा आत शिरून साखळी तुटते. त्या भोकातून पंप चालू असताना बारीक पिचकारी उडते, ती पुन्हा पिंपात पडेल अशी बेताने वळवावी.

किती पाणी द्यायचे, याचा हिशेब स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर होतो. थाळीला भरपूर पाणी घालून अर्धा तास निथळू द्यावे, वजन करावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा करावे. समजा ४,२०० ग्रॅमचे ३,७५० ग्रॅम झाले, तर त्या झाडाने आणि मातीने मिळून दिवसात ४५० मिलिलिटर पाणी सोडले, कारण एक मिलिलिटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते. ३० बाय २० सेंटिमीटरच्या, ५ सेंटिमीटर खोल थाळीत मिश्रण मावते ३ लिटर. त्यात झाडाला वापरता येईल असे पाणी पाव हिस्सा धरले तर साठा ७५० मिलिलिटरचा. म्हणजे कडक उन्हाच्या दिवशी अर्ध्याहून अधिक साठा एका दिवसात संपतो. क्षारही धुतले जावेत म्हणून मोजलेल्या पाण्यापेक्षा थोडे जास्त, ६०० मिलिलिटरच्या आसपास धरावे. तासाला ४ लिटरचे चार ड्रीपर ते सव्वादोन मिनिटांत देतात.

हा आकडा वर्षभर धरून बसता येत नाही. हवेची तहान तिच्या तापमानावर आणि कोरडेपणावर ठरते. ३८ अंश सेल्सिअसच्या हवेत बाष्पाचा दाब जास्तीत जास्त ६.६ किलोपास्कल असू शकतो. दुपारी आर्द्रता २० टक्के असेल तर ५.३ किलोपास्कलची तूट राहते, म्हणजे तेवढे बाष्प हवा अजून शोषू शकते. श्रावणातल्या २७ अंशांच्या, ८० टक्के दमट हवेत हीच तूट ०.७ असते. सातपटींहून मोठा हा फरक झाडाच्या खर्चात जसाच्या तसा उतरत नाही, कारण फार उन्हात पाने आपली पर्णरंध्रे मिटून घेतात. पण मे महिन्यात लावलेला टायमर ऑगस्टमध्ये तसाच चालू ठेवणे म्हणजे मुळे कुजवणे होय. उलट, पावसाळा आहे म्हणून तो पुरता बंद करणेही धोक्याचे. छपराखालच्या बाल्कनीत पाऊस येत नाही, आणि उघड्या गच्चीवरही रिमझिम पावसाचे थेंब दाट पानांच्या छत्रीवरून थाळीच्या बाहेर ओघळतात.

ओलावा मोजणारे संवेदक बसवून हा प्रश्न सुटेल असे वाटते, आणि साध्या बागेत तो बऱ्याच अंशी सुटतोही. दोन धातूच्या पट्ट्यांतून वीज सोडणारे स्वस्त संवेदक विद्युत अपघटनामुळे लवकर गंजतात. धारिता, म्हणजे वीजभार साठवण्याची क्षमता, मोजणारे अधिक टिकतात. ही क्षमता पदार्थामुळे किती पट वाढते ते सांगणारा परावैद्युत स्थिरांक पाण्याचा ८० च्या घरात, खनिजांचा चार-पाच आणि हवेचा १, या मोठ्या फरकावर ते चालतात. परंतु विटांच्या तुकड्यांत संवेदकाच्या पात्याला हवेच्या पोकळ्याच अधिक चिकटतात, आणि पाते जरा हलले की आकडा बदलतो. ज्यांना हौस आहे त्यांनी थाळीखाली भारमापक (वजन मोजणारा संवेदक) बसवून वजनावरच पंप चालवावा. एका प्रातिनिधिक थाळीचे वजन सगळ्या ओळीसाठी पुरेसे बोलके असते.

ओळ मात्र एकाच स्वभावाच्या झाडांची हवी. उंबर-वडाच्या पंक्तीत जेड आणि अडेनियम बसवले तर जाड खोडात पाणी साठवणारी ही झाडे आधी कुजतील. बोगनवेलीलाही दोन पाण्यांत थोडा ताण मिळाला तर फुले बरी येतात.

पाणी पहाटे द्यावे. काळी नळी शेवाळ धरत नाही म्हणून ती वापरायची, पण दुपारी तीच तापते, आणि १६ मिलिमीटरच्या वीस मीटर नळीत दोन-तीन लिटर गरम पाणी आधीच भरलेले असते. बोअर किंवा टँकरचे जड पाणी ड्रीपरच्या तोंडाशी चुना साठवते. १२० मेशचा (इंचाला १२० छिद्रांच्या जाळीचा) फिल्टर वाळू आणि कचरा अडवतो, विरघळलेला चुना अडवत नाही, त्यामुळे दर दोन महिन्यांनी ड्रीपर काढून सौम्य व्हिनेगरमध्ये बुडवावे लागतात. पुण्यात दुरुस्तीसाठी पाणी आणि वीज बंद ठेवण्याचा वार बहुधा गुरुवार, म्हणून नळाला थेट टायमर न लावता तरंगत्या बॉलचा नळ बसवलेले २०० लिटरचे पिंप मध्ये ठेवावे आणि पंप बॅटरीवर चालवावा. वीस थाळ्यांना दिवसाला १२ लिटर धरले तरी नळ आठवडाभर आला नाही तर चालते. प्रवासाला निघण्याआधी आठ दिवस ही सगळी मांडणी आपण घरी असतानाच चालवून पाहावी, आणि पहिल्या दिवशी प्रत्येक तोंडाखाली एक पेला ठेवून सगळ्या पेल्यांत पाणी सारखे जमते का, हे मोजून घ्यावे. ओळीच्या शेवटचा पेला बहुधा अर्धा असतो.