विद्यापीठीय संशोधन, सोलापूर

सोलापूर शहर व जिल्ह्यातील विद्यापीठ, महाविद्यालये आणि त्यांच्या आगेमागे उभ्या राहिलेल्या संस्थांमधून झालेले अभ्यासकार्य. सोलापूर विद्यापीठाची स्थापना १ ऑगस्ट २००४ रोजी झाली. एकाच जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र हे त्याचे वैशिष्ट्य. २०१९ पासून त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ असे आहे. पुणे रस्त्यावर केगाव येथे त्याचे आवार असून, त्याआधी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे पदव्युत्तर केंद्र येथे चालत असे.

संशोधन मात्र विद्यापीठाहून बरेच जुने आहे आणि त्याचा मोठा भाग विद्यापीठाच्या चौकटीबाहेर झाला. याला एक प्रशासकीय कारणही आहे. दयानंद महाविद्यालय १९४० साली सुरू झाले तेव्हा ते मुंबई विद्यापीठाकडे होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ आले, १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ आणि २००४ मध्ये सोलापूर. महाविद्यालय जागचे हलले नाही, पण त्याच्या विद्यार्थ्यांच्या पदव्यांवर चार विद्यापीठांचे शिक्के उमटले. त्यामुळे सोलापूरविषयीचे जुने प्रबंध मुंबई, पुणे व कोल्हापूर येथील ग्रंथालयांत विखुरलेले आहेत. 'शोधगंगा' या राष्ट्रीय संग्रहामुळे अलीकडचे प्रबंध घरबसल्या दिसतात. टंकलिखित काळातल्या प्रबंधांसाठी अजूनही गाडी पकडावी लागते.

विद्यापीठपूर्व काळातील सर्वांत भक्कम काम जैन विद्येचे होय. ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांच्या देणगीतून जैन संस्कृति संरक्षक संघ व त्याची जीवराज जैन ग्रंथमाला उभी राहिली. मालेचे संपादक आ. ने. उपाध्ये आणि हीरालाल जैन. यतिवृषभाचा 'तिलोयपण्णत्ती' हा प्राकृत ग्रंथ तिने दोन भागांत (१९४३, १९५१) काढला. विषय विश्वरचनेचा असला, तरी ग्रंथ गणिताने भरलेला आहे. एक लक्ष योजने व्यासाच्या जंबुद्वीपाचा परिघ त्यात ३,१६,२२७ योजने आणि वर काही अंश असा येतो. व्यासाला दहाच्या वर्गमुळाने गुणले की हा आकडा मिळतो. महावीराचार्यांचा नवव्या शतकातील 'गणितसारसंग्रह' हिंदी अनुवादासह याच मालेतून १९६३ मध्ये आला. गणिताच्या इतिहासाच्या तळटिपांत 'शोलापूर' हे गाव भेटते ते या मालेमुळे.

शिलालेख हे जिल्ह्याचे दुसरे मोठे क्षेत्र. दक्षिण सोलापूर तालुक्यात हत्तरसंग कुडल येथे भीमा व सीना यांचा संगम आहे. (कर्नाटकात कृष्णा-मलप्रभा संगमावरील, बसवेश्वरांशी निगडित कूडलसंगम वेगळे, वृत्तपत्रांत या दोन गावांची गल्लत होते.) येथील संगमेश्वर मंदिरातील तुळईवरचा लेख सोलापूरचे पुरालेख अभ्यासक आनंद कुंभार यांनी उजेडात आणला. लेखाच्या अखेरीस 'वाछि तो विजेया होईवा' हे वाक्य आहे. जो वाचील तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ घेतात. काळ शके ९४०. हे वाचन स्वीकारले तर कालोल्लेख असलेल्या मराठी लेखांत याचे स्थान अगदी वरचे ठरते.

आद्य मराठी शिलालेख कोणता, हा वाद जुना आहे. शालेय पुस्तकांतून दीर्घकाळ शिकवले गेलेले कर्नाटकातील श्रवणबेळगोळचे 'श्रीचावुण्डराजें करवियलें' हे वाक्य तेथील गोमटेश्वराच्या मूर्तीच्या निर्मितीशी जोडून दहाव्या शतकातले मानले जाई. पण त्याच्या जोडीच्या ओळीत गंगराजाने सुत्तालय (मूर्तीभोवतीचे आवार) करविल्याचा उल्लेख आहे. गंगराज हा होयसळ विष्णुवर्धनाचा सेनापती, म्हणजे बाराव्या शतकातला. दोन्ही ओळी एकाच हातच्या दिसत असल्याने आता लेख १११६-१७ च्या सुमाराचा धरतात. अलिबागजवळच्या अक्षी येथील लेखाचे शकवर्ष ९३४ (इ. स. १०१२) असे वाचले गेले आहे. ते मान्य केल्यास अक्षी कुडलच्या सहा वर्षे आधीचा ठरतो. मात्र अक्षीचा दगड झिजलेला आहे आणि लेखात उल्लेखलेल्या केशिदेव या नावाचे राजे शिलाहार घराण्यात एकाहून अधिक झाले, म्हणून काही अभ्यासक तो लेख बराच उत्तरकालीन मानतात.

अशा वेळी संवत्सराचे नाव उपयोगी पडते. साठ संवत्सरांचे चक्र दक्षिणेत खंड न पडता चालते, त्यामुळे शकवर्षाचा अंक पुसट असला तरी नावावरून पडताळा घेता येतो. या गणनेने शके ९३४ ला परिधावी आणि शके ९४० ला कालयुक्त हे संवत्सर येते. अंक आणि नाव जुळले तर वाचनाला बळ मिळते. न जुळल्यास अंक पुन्हा पाहावा लागतो. आणखी एक बारकावा नेहमी निसटतो. शकवर्ष चैत्रात सुरू होते. त्यामुळे शके ९४० म्हणजे साधारण मार्च १०१८ ते मार्च १०१९. पौषाच्या उत्तरार्धातला किंवा माघ-फाल्गुनातला लेख असेल तर इसवी सन एकाने पुढे जातो. शकात ७८ मिळवून '१०१८' लिहिण्याचा प्रघात सोयीचा आहे, काटेकोर नाही. प्रस्तुत नोंदकाराला 'आद्य' या बिरुदापेक्षा लेखाची भाषा महत्त्वाची वाटते. कन्नड राजवटीत, संस्कृत वळणाच्या मजकुराच्या शेवटी मराठी क्रियापद येते, याचा अर्थ वाचणाऱ्याला ते कळत होते.

लेखाचा ठसा घेण्याची रीत अजून जुनीच आहे. दगड ब्रशने व पाण्याने स्वच्छ करून ओला कागद त्यावर चिकटवतात. दाट केसांच्या ब्रशने ठोकून तो अक्षरांच्या खाचांत बसवतात, मग अर्धवट सुकल्यावर शाईची गादी हलक्या हाताने फिरवतात. खाचांत शाई पोचत नाही, म्हणून काळ्या पृष्ठावर पांढरी अक्षरे उमटतात. तुळईचा लेख असेल तर हे सारे शिडीवर उभे राहून, हात वर करून करावे लागते. वेगवेगळ्या कोनांतून प्रकाश टाकून घेतलेली छायाचित्रे संगणकावर एकत्र करण्याचे तंत्र आता उपलब्ध आहे. झिजलेल्या अक्षीसारख्या लेखांसाठी ते ठशापेक्षा उपयुक्त ठरावे.

शहराच्या नावाची व्युत्पत्तीही याच अभ्यासाच्या कक्षेत येते. 'सोळा पुरे' मिळून सोलापूर ही उपपत्ती लोकप्रिय आहे आणि गॅझेटिअरनेही ती नोंदवली. बाराव्या शतकातील संत सिद्धरामेश्वरांशी संबंधित कन्नड साहित्यात व लेखांत गावाचे नाव सोन्नलगे किंवा त्याच्या जवळचे येते. सोन्नलगे-सोनलपूर-सोलापूर हा क्रम ध्वनिदृष्ट्या सरळ असून अभ्यासकांचा कल त्याकडेच आहे.

कोरडवाहू शेतीचे संशोधन हे विद्यापीठीय खरे, पण सोलापूरच्या विद्यापीठाचे नव्हे. पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ च्या सुमारास सुरू झालेले प्रयोग पुढे नेण्यासाठी १९३३ मध्ये सोलापूरला केंद्र काढण्यात आले. त्यातून 'मुंबई कोरडवाहू पद्धती' तयार झाली : बांधबंदिस्ती, काही वर्षांआड खोल नांगरट, शेणखत, कमी बियाणे, रुंद पाभर आणि वरचेवर कोळपणी. रब्बीत काळे रान भेगाळते आणि भेगेतून ओल उडते; कोळप्याने ती भेग बुजवणे हा या पद्धतीचा गाभा. मोहोळ येथे स्थानिक मालदांडीतून निवडलेले 'मालदांडी ३५-१' हे ज्वारीचे वाण आजही भाकरीच्या चवीचे माप समजले जाते. सोलापूरचे हे कोरडवाहू केंद्र आता राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाकडे आहे. केगावचे राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र (२००५) भारतीय कृषी संशोधन परिषदेचे. डाळिंबावरील तेल्या हा जिवाणूजन्य रोग तेथील मुख्य विषय.

अभियांत्रिकीचे शिक्षण वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (१९८३) व त्यानंतरच्या महाविद्यालयांतून चालते. पंढरपूरजवळ गोपाळपूर येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र आहे. सोलापूरची कापड गिरणी १८७७ ची, आणि सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळाले ते महाराष्ट्रातील अगदी सुरुवातीच्या मानांकनांपैकी. त्या मानाने साच्यावर (मागावर) झालेले संशोधन तुटपुंजे आहे.

चादरीची नक्षी जेकार्ड यंत्रावर निघते. नक्षी प्रथम चौकटीच्या कागदावर रंगवतात. प्रत्येक चौकट म्हणजे ताण्याचा (उभा) धागा वर की खाली एवढाच प्रश्न. त्यानुसार पुठ्ठ्याच्या कार्डाला भोक पाडतात किंवा पाडत नाहीत. भोक असेल तेथे सुई आत शिरते, तिचा आकडा (हूक) उचलला जातो व धागा वर येतो. नसेल तेथे सुई मागे ढकलली जाऊन धागा खालीच राहतो. बाण्याच्या (आडव्या धाग्याच्या) एका फेरीला एक कार्ड. कार्डे दोऱ्याने ओवून माळ करतात. मोराच्या तुऱ्यात एक भोक चुकले, तर तो डाग दर चादरीला त्याच जागी पडतो. इलेक्ट्रॉनिक जेकार्डने पुठ्ठा गेला. वर-खालीचा प्रश्न तोच राहिला.

जेकार्ड हा संगणकाचा पूर्वज, असे सरसकट लिहिले जाते. त्यात तारतम्य हवे. भोकांच्या कागदाची कल्पना जेकार्डच्या १८०४ च्या यंत्राआधी फ्रान्समध्येच बुशाँने १७२५ मध्ये वापरली होती. इंग्रज गणिती बॅबेजने १८३० च्या दशकात आपल्या विश्लेषक यंत्रासाठी कार्डे जेकार्डवरून घेतली, यात शंका नाही. परंतु १८९० च्या अमेरिकी जनगणनेसाठी हॉलेरिथने वापरलेल्या कार्डांवर आज्ञा नव्हत्या, माहिती होती. आणि रेल्वेच्या तिकिटाला भोके पाडणाऱ्या कंडक्टरवरून ती सुचल्याचे त्याने सांगितले आहे. त्यामुळे साखळी एकच न मानता दोन मानणे इष्ट.

संगणकशास्त्रात महाराष्ट्रातील विद्यापीठांतून हाताळला जाणारा, सोलापूरच्या दप्तरांनाही लागू पडणारा विषय म्हणजे मोडी हस्ताक्षराची यंत्राकडून ओळख. मोडीत शिरोरेघ आधी पानभर ओढून घेतात, मग हात न उचलता अक्षरे लिहितात. शब्दांत अंतर नसते. देवनागरीसाठी केलेली प्रणाली शिरोरेघ काढून टाकून अक्षरे सुटी करते. मोडीत ती काढली तरी अक्षरे जोडलेलीच राहतात.

शिक्षणशास्त्रात बहुभाषिकता हा येथला स्वाभाविक विषय आहे. विणकर वस्त्यांत घरी तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, जुन्या शहरात दखनी आणि शाळेत बहुधा मराठी असा प्रकार नेहमीचा. तेलुगू व कन्नड माध्यमाच्या शाळाही जिल्ह्यात आहेत. विद्यापीठाबाहेर झालेला सर्वांत गाजलेला प्रयोग माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतला. तेथील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. या कामासाठी त्यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. १० लाख डॉलरच्या रकमेपैकी निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.