वरून हुकूम, खालून शांतता : रशियन लष्कराच्या संपर्कदोषाची पार्श्वभूमी

फेब्रुवारी २०२२ च्या अखेरीस युक्रेनमध्ये घुसलेल्या रशियन तुकड्यांचे आपसातले बोलणे देशोदेशीचे हौशी रेडिओवाले घरबसल्या ऐकत होते. कूटबद्ध न केलेले, साध्या लहरींवरचे बोलणे. इंधन संपले, रस्ता सापडत नाही, तोफांचा मारा आपल्याच माणसांवर होतो आहे, असे सगळे उघड्यावर. हाती लागलेल्या संचांमध्ये बाजारात कोणालाही मिळणारे चिनी बाओफेंगही निघाले. लष्कराच्या आधुनिकीकरणावर अनेक वर्षे अफाट पैसा ओतल्यानंतरची ही स्थिती पाहून निदान लगेच झाले : खरेदीत भ्रष्टाचार, म्हणून निकृष्ट यंत्रे. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. गेल्या शंभर वर्षांत रशियन सैन्याची यंत्रे कितीतरी वेळा बदलली आणि दुखणे तेच राहिले. आज कोणत्याही सैन्याची संपर्कव्यवस्था जोखायची तर संच मोजून भागणार नाही, हे या इतिहासातून दिसते.

ऑगस्ट १९१४ मध्ये पूर्व प्रशियात रशियाची दोन सैन्ये शिरली. रेनेनकाम्फचे पहिले, सॅमसोनोव्हचे दुसरे. टेलिग्राफच्या तारा अपुऱ्या, संकेतलिपीची व्यवस्था विस्कळीत, त्यामुळे दुसऱ्या दिवशी कुठे जायचे याचे आदेशही बिनतारी यंत्रावरून उघड भाषेत गेले. जर्मनांनी ते ऐकले आणि पहिले सैन्य लवकर मदतीला येणार नाही हे ओळखून सगळे बळ सॅमसोनोव्हवर लावले. टॅनेनबर्गला सुमारे ९२ हजार रशियन कैद झाले. सॅमसोनोव्हने स्वतःला गोळी घातली. या दोन सेनापतींचा एकमेकांशी जवळजवळ संपर्कच नव्हता आणि त्यांच्यावरचा आघाडीप्रमुख झिलिन्स्की त्यांची मोट बांधू शकला नाही. संदेश शत्रूच्या कानी पडणे आणि आपल्याच शेजाऱ्याच्या कानी न पडणे, या दोन्ही गोष्टी एकाच आठवड्यात घडल्या.

१९४१ चे उदाहरण मला अधिक बोलके वाटते. २२ जूनला जर्मन हल्ला झाला, तेव्हा लाल सेनेचा भर बव्हंशी नागरी तारांवर होता. बॉम्बवर्षावात आणि घातपातात त्या तुटल्या. मिन्स्कच्या बाजूला पश्चिम आघाडीचा सेनापती दिमित्री पाव्हलोव्ह याला आपली सैन्ये नेमकी कुठे आहेत हेच कळेना. मॉस्कोहून मात्र प्रतिहल्ल्याचे हुकूम येत राहिले. जी फौज विखुरली होती तिला हल्ला करायला सांगणारे ते हुकूम होते. २८ जूनला मिन्स्क पडले. २२ जुलैला पाव्हलोव्हला गोळ्या घातल्या गेल्या आणि त्याच्याबरोबर आघाडीचा संदेशवहन प्रमुख जनरल ग्रिगोरियेव्ह यालाही. पुढे १९५७ मध्ये पाव्हलोव्ह निर्दोष ठरवला गेला. तोवर वाईट बातमी वर कळवण्याची किंमत काय असते, हे अधिकाऱ्यांच्या एका अख्ख्या पिढीने पाहिले होते.

त्याच युद्धाच्या उत्तरार्धात या सैन्याने प्रचंड मोहिमा यशस्वी केल्या, हेही विसरून चालणार नाही. योजना वर, अतिशय बारकाईने आखायची. खालच्याने ठरलेली कवायत न चुकता पार पाडायची. सोव्हिएत पद्धत यावरच उभी होती. ठरल्याप्रमाणे घडेपर्यंत ती चालते.

३१ डिसेंबर १९९४ ला, फुटून निघू पाहणाऱ्या चेचेन्याच्या राजधानीत, ग्रोझ्नीत, ती चालली नाही. रशियाची मायकोपची १३१ वी ब्रिगेड रेल्वे स्थानकापाशी वेढली गेली. समोरच्या चेचेनांपैकी कित्येक जण सोव्हिएत सैन्यात वाढलेले, आणि ते रशियनांचे उघडे बोलणे ऐकत होते. २००८ च्या जॉर्जिया युद्धात ५८ व्या सैन्याचा प्रमुख ख्रुल्योव्ह ताफ्यावरच्या हल्ल्यात जखमी झाला, आणि अधिकारी मोबाइलवरून काम भागवत होते.

त्यानंतर सुधारणा झाल्या. २०१० मध्ये सहा लष्करी विभागांचे चार झाले. डिसेंबर २०१४ मध्ये मॉस्कोत भल्यामोठ्या पडद्यांचे राष्ट्रीय संरक्षण नियंत्रण केंद्र सुरू झाले. वरच्यांना पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक दिसू लागले. खालच्या अधिकाऱ्याला स्वतः ठरवण्याची मुभा मात्र वाढली नाही, आणि त्याच्या हाताखाली अनुभवी सुभेदार-हवालदारांची भक्कम फळीही उभी राहिली नाही.

मग २०२२. कीव्हकडे पूर्व विभाग, चेर्निहीव्ह-सुमीकडे मध्य विभाग, खार्कीव्हकडे पश्चिम, क्रिमियातून दक्षिण. चार दिशा, चार सेनापती, आणि सगळ्यांवर रणभूमीवरचा एक प्रमुख पहिले काही आठवडे दिसलाच नाही. एप्रिलमध्ये द्वोर्निकोव्हचे नाव पुढे आले. अधिकृत घोषणा ८ ऑक्टोबरला, सुरोव्हिकिनच्या नावाची. तीन महिन्यांनी त्याच्याही वर रशियाचा सरसेनाप्रमुख गेरासिमोव्ह. कितीतरी सैनिकांना आपण युद्धावर चाललो आहोत हे काही तास आधी कळले. युक्रेनने रशियन क्रमांकांचे रोमिंग बंद केल्यावर स्थानिकांचे फोन हिसकावले गेले. अडलेला ताफा हलवायला जनरल स्वतः पुढे येऊ लागले. ४१ व्या सैन्याचा उपप्रमुख सुखोवेत्स्की पहिल्याच दिवसांत मारला गेला. २०२३ च्या पहिल्या रात्री रशियाच्या ताब्यातल्या माकीव्हकात युक्रेनच्या हल्ल्यात, रशियाच्याच आकड्यानुसार, ८९ सैनिक ठार झाले. संरक्षण मंत्रालयाने दोष सैनिकांच्या मोबाइल वापरावर ठेवला. एवढी माणसे एकाच इमारतीत कोणी ठेवली, हा प्रश्न अनेक रशियनांनीच विचारला.

अर्थात आपल्यापर्यंत पोहोचलेले चित्र एकांगी आहे. फसलेले संभाषण पकडले जाते, नीट कूटबद्ध झालेले पकडलेच जात नाही. रशियन नंतर पुष्कळ शिकले : मुख्यालये मागे नेली, शत्रूच्या रेडिओलहरी बुजवणारे जॅमिंग प्रखर केले. युक्रेनलाही दोष चुकले नाहीत. हल्ला सुरू होताना ते वापरत असलेले व्हायासॅट कंपनीचे उपग्रह जाळे सायबर हल्ल्याने कोलमडले आणि पुढे स्पेसएक्स या एका खासगी कंपनीच्या स्टारलिंक उपग्रह सेवेवर मोठी भिस्त पडली. तात्पुरत्या गटांखाली ब्रिगेडी वाटत राहण्याची पद्धत मोडून कोअर रचनेकडे, म्हणजे ठरावीक ब्रिगेडी एका कायम मुख्यालयाखाली ठेवण्याकडे, वळायला त्यांनाही २०२५ उजाडले.

रशियन आघाडीवर मात्र जुगाडच व्यवस्था बनला. टेलिग्रामवर निरोप, डिस्कॉर्ड या गप्पांच्या अ‍ॅपवर ड्रोनची थेट चित्रे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रशियाच्याच नियामकाने डिस्कॉर्ड बंद केले. युद्धसमर्थक रशियन लेखकच संतापले. आघाडीवरच्या कमांड पोस्टना शत्रूकडची दृश्ये ज्यावर दिसत होती, ते साधन आपल्याच सरकारने बंद केले होते.