कॉफीचा चोथा कुंडीत घालण्यापूर्वी

चहाच्या कोल्हापुरात कॉफीचा चोथा येणार कुठून, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. घरोघरी होते ती कॉफी बहुधा दुधात विरघळणारी असते आणि तिचा चोथा उरतच नाही. तो मिळतो फिल्टर कॉफी करणाऱ्या मोजक्या घरांत आणि अलीकडे वाढलेल्या कॅफेंमध्ये. मागितला तर पिशवीभर सहज मिळतो. तो घरी आणून थेट गुलाबाच्या कुंडीत ओतणे मात्र चुकीचे आहे.

कॉफी आम्लधर्मी, म्हणून चोथाही तसाच, अशी समजूत आहे. प्रत्यक्षात गरम पाण्याबरोबर बरीचशी आम्ले पेल्यात उतरतात आणि उरलेल्या चोथ्याचा सामू (पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्लधर्मी) सहसा ६ ते ७ च्या दरम्यान राहतो. त्यामुळे पंचगंगेकाठच्या काळ्या, काहीशा विम्लधर्मी (अल्कलीयुक्त) मातीचा सामू मूठभर चोथ्याने उतरण्याची आशा धरू नये.

चोथ्यात सुमारे २ टक्के नत्र असते, हे खरे. पण ते बहुतांशी प्रथिनांत अडकलेले असते आणि जिवाणू व बुरशी यांनी ती प्रथिने फोडल्याखेरीज मुळांच्या हाती काही लागत नाही. शिवाय चोथ्यात कॅफिन आणि टॅनिनसारखी द्रव्ये शिल्लक असतात. कॅफिन हे मुळात कॉफीच्या झाडाचे संरक्षक अस्त्र आहे. ते किडींना दूर ठेवते आणि शेजारच्या बियांची उगवणही रोखू शकते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ब्रोकोली, मुळा, सूर्यफूल अशा पिकांच्या मातीत ताजा चोथा मिसळला, तेव्हा मातीची पाणी धरून ठेवण्याची क्षमता वाढली, पण रोपे खुरटली, आणि वरून खत देऊनही ती सावरली नाहीत. तणही कमी उगवले, एवढेच काय ते समाधान!

म्हणून चोथा आधी कुजवावा. त्यातील कर्ब-नत्र गुणोत्तर साधारण २०:१ असते, म्हणजे खताच्या ढिगात तो ‘हिरवा’, अर्थात नत्राने समृद्ध माल ठरतो; त्याला कर्बाने समृद्ध अशा कोरड्या मालाची जोड हवी, आणि ती कोल्हापूरकरांना शोधत फिरावी लागत नाही. शिवारात पडलेले उसाचे पाचट बारीक तोडून, त्यात थोडे शेणखत व ओला पालापाचोळा घालून चोथा मिसळावा. ढिगात चोथ्याचा वाटा आकारमानाने पाचव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा. ढीग ओलसर ठेवून अधूनमधून वरखाली करावा. पूर्ण कुजलेल्या खताला कॉफीचा नव्हे, मातीचा वास येतो.

आच्छादन म्हणून वापरायचाच असेल, तर मोठ्या झाडांच्या बुंध्यापासून दूर, अर्ध्या-एक सेंटीमीटरपेक्षा पातळ थर पसरून त्यावर पाचट टाकावे. चोथ्याचे कण इतके बारीक असतात की जाड थर वाळला की त्याची पापडी धरते आणि पाणी आत मुरण्याऐवजी वरून वाहून जाते. रोपवाटिकेच्या वाफ्यात व नुकत्याच पेरलेल्या मेथी-कोथिंबिरीत तो अजिबात घालू नये.