टपालाने विकली जाणारी पिस्तुले : छापील किंमत आणि जगण्याचा खर्च

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत साधारण १८७० नंतर १९६८ पर्यंत पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घरबसल्या मागवता येत असे. कॅटलॉग चाळायचा किंवा मासिकातले कूपन कापायचे, पैसे पाठवायचे आणि पार्सलची वाट पाहायची. त्या जाहिरातींतल्या किमती आज वाचल्या की माणूस चक्रावतो. साडेचार डॉलरला रिव्हॉल्व्हर, बावीस डॉलरला कोल्ट! पण ‘सस्ताईचे दिवस होते’ एवढे म्हणून भागत नाही, कारण तेव्हाचा पगारही तसाच होता. किंमत मजुरीच्या तासांशी आणि घरभाड्याशी ताडून पाहिली की दोन गोष्टी दिसतात. नामांकित कारखान्याचे नवे पिस्तूल कामगाराला तेव्हाही जडच जाई. हलका किंवा वापरलेला माल मात्र खरोखरच चार दिवसांच्या कमाईत हाती येई. पुढे कायद्याचा सारा झगडा झाला तो या दुसऱ्या मालावरून.

कॅटलॉगचा काळ

माँटगोमेरी वॉर्डने १८७२ मध्ये शिकागोहून टपालाने माल विकायला सुरुवात केली. १८९० च्या दशकात सिअर्स, रोबक आणि कंपनीने त्याच धंद्याचे प्रचंड जाळे उभारले. शेतकऱ्याच्या दारापर्यंत पत्र पोचवणारी ग्रामीण टपाल सेवा १८९६ मध्ये सुरू झाली आणि सरकारी पार्सल टपाल १ जानेवारी १९१३ पासून. त्याआधी जड माल खाजगी एक्सप्रेस कंपन्यांमार्फत रेल्वेने येई. कॅटलॉगमध्ये पिस्तुलाला वेगळा मान नव्हता. शिलाई यंत्र, नांगर, औषधी काढे यांच्यासारखीच तीही एक वस्तू. काडतुसे आणि वाहतूक यांचे पैसे बहुधा निराळे पडत, त्यामुळे छापील आकडा हा पूर्ण खर्च नसे. जुन्या किमतींच्या याद्या करणारे हौशी लोक हे हमखास विसरतात.

१८७३ च्या कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी रिव्हॉल्व्हरची किंमत नागरी ग्राहकाला १७ डॉलर पडे. गुरे हाकणाऱ्या काउबॉयला महिन्याला २५ ते ४० डॉलर मिळत, म्हणजे अर्ध्या महिन्याची कमाई एका रिव्हॉल्व्हरवर जायची. जेवण आणि झोपायची जागा मालकाकडून मिळे म्हणून ते जमे. बायकापोरांचा संसार असलेल्या शहरी मजुराला हे गणित परवडणारे नव्हते.

त्याच्यासाठी दुसरा माल होता. आरपार भोक असलेल्या चक्रीचे, म्हणजेच धातूच्या काडतुसांच्या रिव्हॉल्व्हरचे, रॉलिन व्हाइटच्या नावचे पेटंट १८६९ मध्ये संपले आणि लहानमोठ्या कारखान्यांनी .२२ व .३२ मापाची हलक्या लोखंडाची रिव्हॉल्व्हरे धडाधड काढली. संग्राहकांनी पुढे त्यांना ‘सुइसाइड स्पेशल’ असे कुत्सित नाव ठेवले. त्यापेक्षा एक पायरी वर आयव्हर जॉन्सन आणि हॅरिंग्टन अँड रिचर्डसन या मॅसॅच्युसेट्सच्या कंपन्या होत्या. सप्टेंबर १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्यावर बफेलो येथे झाडलेले .३२ मापाचे आयव्हर जॉन्सन रिव्हॉल्व्हर मारेकऱ्याने साडेचार डॉलरला घेतले होते. ते दुकानातून घेतलेले होते, टपालाने नव्हे. पण कॅटलॉगमधला मालही याच वर्गातला.

साडेचार डॉलर म्हणजे किती? त्याच वर्षाच्या, १९०१ च्या, सरकारी पाहणीत सरासरी अमेरिकी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ७५० डॉलरच्या आसपास होते, आठवड्याला साधारण साडेचौदा. त्यातले सुमारे ४३ टक्के अन्नावरच जात. कपडे आणि घर धरले की हाती उरे तो जेमतेम पाचवा हिस्सा, म्हणजे आठवड्याला तीन डॉलरच्या आत. दीड आठवड्याची ही सारी शिल्लक मोडली तर हलके रिव्हॉल्व्हर येई. कोल्ट घ्यायचे तर दीड महिना हात आखडावा लागे, आणि तोही घरात कुणी आजारी पडले नाही तर.

मोजायचे कशाने?

जुनी किंमत आजच्या पैशांत सांगायची रूढ रीत म्हणजे ग्राहक किंमत निर्देशांक. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी कार्यालयाची ही मालिका १९१३ पासून सुरू होते. त्याआधीच्या वर्षांचे आकडे इतिहासकारांनी मागाहून जुळवलेले आहेत. १९१३ ते २०२४ या काळात निर्देशांक सुमारे ३२ पट झाला. त्या हिशेबाने १९१२ च्या सुमाराला २२ डॉलरला मिळणारे कोल्टचे .४५ मापाचे नवे स्वयंचलित पिस्तूल आजच्या सुमारे ७०० डॉलरचे ठरते. ऐकायला माफकच वाटते. पण फोर्डच्या मोटार कारखान्यात १९१३ मध्ये नऊ तासांच्या पाळीला २.३४ डॉलर मिळत, म्हणजे त्या पिस्तुलासाठी नऊ-साडेनऊ दिवस राबावे लागे. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डने रोजचे पाच डॉलर जाहीर केले (अटी होत्याच, आणि निम्मा भाग नफ्यातल्या वाट्याचा) आणि तेच पिस्तूल साडेचार दिवसांवर आले. पिस्तुलाच्या किमतीत काही बदल झाला नव्हता. निर्देशांकाला हे दिसत नाही, मजुरीच्या तासांना दिसते. म्हणून या नोंदीत तासांचाच हिशेब अधिक धरला आहे.

सोन्याचा दाखलाही फार चालतो. ‘तेव्हा एक औंस सोन्यात एक कोल्ट, आजही तेच’ असे अमेरिकी शस्त्रशौकीन म्हणतात. सोने औंसाला २०.६७ डॉलर होते, म्हणजे आपल्या मापाने २२ डॉलरचे सोने पावणेतीन तोळ्यांहून थोडे अधिक भरे. आज तेवढ्या सोन्यात तसली एकाहून अधिक पिस्तुले येतील. मग बरोबरी कुठे राहिली? शिवाय १९३३ पासून १९७४ अखेरपर्यंत अमेरिकी नागरिकाला गुंतवणूक म्हणून सोने बाळगायलाच बंदी होती आणि सरकारी भाव बराच काळ ३५ डॉलरवर बांधलेला होता. त्या चाळीस वर्षांना सोन्याची फूटपट्टी लावण्यात अर्थ नाही.

टपालबंदी आणि तिची पळवाट

१९२० च्या दशकात शहरी गुन्हेगारीची ओरड वाढली. सिअर्सने त्या दशकाच्या मध्यास कॅटलॉगमधून पिस्तुले काढून टाकली. १९२७ मध्ये वॉशिंग्टन राज्याचे प्रतिनिधी जॉन मिलर यांच्या पुढाकाराने कायदा झाला : लपवता येईल असे शस्त्र सरकारी टपालाने खाजगी ग्राहकाला धाडायचे नाही. कायदा मोठा गमतीचा होता. जाहिरात टपालाने जाई, ऑर्डर टपालाने जाई, मनीऑर्डरही टपालानेच. फक्त पिस्तूल रेल्वे एक्सप्रेसने जाई. धंदा आणखी ४१ वर्षे चालला.

१९३४ च्या राष्ट्रीय शस्त्र कायद्याच्या मूळ मसुद्यात पिस्तुलेही होती, ती वगळली गेली. मशीनगनच्या हस्तांतरावर मात्र २०० डॉलर कर बसला. थॉम्पसन मशीनगनची किंमतच तेव्हा साधारण तेवढी होती. म्हणजे कर बंदुकीएवढा, आजच्या हिशेबाने साडेचार हजार डॉलरांहून जास्त. तो आकडा महागाईशी बांधला नाही, त्यामुळे मशीनगनसाठी आजही तो २०० डॉलरच आहे. कायद्यात रुपया-डॉलरचा ठोक आकडा लिहिला की महागाई त्याला कशी पोखरते, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

मंदीच्या ऐन काळात, १९३५ मध्ये, स्मिथ अँड वेसनने .३५७ मॅग्नम रिव्हॉल्व्हर काढले. ते ग्राहकाच्या मापाने बनवून, नोंदणी प्रमाणपत्रासह दिले जाई. किंमत ६० डॉलर. १९३८ मध्ये देशाला पहिले किमान वेतन मिळाले ते तासाला २५ सेंट. त्या दराने हे रिव्हॉल्व्हर २४० तासांचे, म्हणजे तेव्हाच्या ४४ तासांच्या आठवड्याने साडेपाच आठवड्यांचे. पहिले रिव्हॉल्व्हर एफबीआयचे प्रमुख हूव्हर यांना भेट दिले गेले, यातच त्याचा ग्राहक कोण हे आले.

१९६३ : एक ऑर्डर

दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपातील सैन्यांनी जुनी शस्त्रे वजनावारी विकावीत तशी विकली आणि अमेरिकी व्यापाऱ्यांनी ती जहाजे भरभरून आणली. त्याने टपाली बाजाराचा तळ पार खाली गेला. या बाजाराची सर्वांत तपशीलवार कागदपत्रे उरली आहेत ती राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या हत्येच्या चौकशीमुळे.

त्या हत्येतला आरोपी ली हार्वी ऑस्वाल्ड याने लॉस एंजेलिसच्या सीपोर्ट ट्रेडर्सकडे खोट्या नावाने कूपन पाठवले. माल होता .३८ मापाचे, दोन इंची नळीचे स्मिथ अँड वेसन रिव्हॉल्व्हर, किंमत २९.९५ डॉलर. हे नवे नव्हते. युद्धात ब्रिटनला दिलेल्या ‘व्हिक्टरी’ नमुन्यातले ते एक, कॅनडामार्गे परत आलेले, नळी कापून आखूड केलेले आणि .३८ स्पेशल काडतूस बसावे म्हणून चक्रीची भोके वाढवलेले. त्याने १० डॉलर रोख आगाऊ धाडले. उरलेले १९.९५ आणि वाहतुकीचे १.२७ डॉलर रेल्वे एक्सप्रेसने पार्सल ताब्यात देताना वसूल केले, अगदी आपल्याकडच्या व्हीपीसारखे. एकूण ३१.२२ डॉलर. मार्च १९६३ मध्ये शिकागोच्या क्लाइन्स या दुकानाकडून त्याने दुर्बीण लावलेली इटालियन रायफल मागवली : १९.९५ डॉलर आणि टपालखर्च दीड डॉलर. दुर्बीण नको असेल तर तीच रायफल १२.७८ ला होती.

ऑस्वाल्डला तेव्हा डॅलसमधल्या एका छपाईपूर्व कामाच्या कंपनीत तासाला १.३५ डॉलर मिळत. रिव्हॉल्व्हर म्हणजे २३ तास, तीन दिवसांचे काम. ज्या घरात तो बायको आणि तान्ह्या मुलीसह राहत होता त्याचे महिन्याचे भाडे ६० डॉलर. रिव्हॉल्व्हर त्याच्या निम्म्याहून किंचित जास्त. तंगीतल्या संसारात ही रक्कम जाणवण्यासारखी, पण न जमण्यासारखी नव्हे. देशातल्या मधल्या कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला ६,२०० डॉलरच्या घरात होते आणि अन्नाचा वाटा ४३ वरून सुमारे २४ टक्क्यांवर आला होता. त्या कुटुंबाला हा पाव आठवड्याचा खर्च.

स्वस्ताईचे राजकारण

स्वस्त मालाने देशी कारखानदारांचे पोट दुखणे साहजिक होते. १९५८ मध्ये लष्करी जुन्या शस्त्रांच्या आयातीवर बंदी घालणारे विधेयक मॅसॅच्युसेट्सच्या एका तरुण सिनेटरने मांडले होते. त्याच्या राज्यात स्मिथ अँड वेसनसारखे कारखाने होते. सिनेटरचे नाव जॉन एफ. केनेडी. टपाली पिस्तुलांची चौकशी १९६१ पासून चालवणारे सिनेटर टॉमस डॉडही कनेक्टिकटचे, म्हणजे कोल्टच्या राज्याचे. दोघांचे हेतू निव्वळ धंद्याचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल, पण मतदारसंघ आणि तत्त्व एका दिशेला होते हे खरे. डॉड यांचे १९६३ चे विधेयक आधी फक्त पिस्तुलांपुरते होते. नोव्हेंबरमध्ये केनेडींची हत्या झाल्यावर त्यात रायफली घातल्या गेल्या. १९३८ च्या कायद्याने शस्त्रविक्रेत्याचा परवाना वर्षाला अवघ्या एका डॉलरला मिळे, हाही त्या चर्चेतला बोचरा मुद्दा होता.

मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर १९६८ मध्ये, आधी जूनच्या कायद्याने पिस्तुलांची आणि मग २२ ऑक्टोबरच्या कायद्याने सर्वच बंदुकांची, सामान्य ग्राहकाला परराज्यातून थेट टपाली विक्री बंद झाली. लहान, हलकी पिस्तुले आयात करायलाही मनाई झाली. सुट्या भागांना मात्र नव्हती. जर्मनीच्या रोम (Röhm) नावाच्या कंपनीसारख्यांचे भाग मायामीत जोडून तोच माल विकला जाऊ लागला.

त्यानंतरची तुलना दुकानातल्या किमतींशीच करावी लागते. कोल्टचे पायथन रिव्हॉल्व्हर १९५५ मध्ये १२५ डॉलरला आले. किमान वेतन तासाला ७५ सेंट, म्हणजे सुमारे १६७ तास. २०२० मध्ये कोल्टने ते पुन्हा काढले तेव्हा किंमत १,४९९ डॉलर आणि किमान वेतन ७.२५, म्हणजे २०७ तास. उलट आज दुकानातले सर्वांत हलके नवे पिस्तूल दोनशे डॉलरच्या आसपास मिळते. किमान वेतनाने सत्तावीस-अठ्ठावीस तास. १९६३ च्या मार्चमध्ये किमान वेतन १.१५ डॉलर होते आणि त्या दराने कूपनवरचे २९.९५ डॉलरचे रिव्हॉल्व्हर २६ तासांचे होते.