आधी बाग ठरवा, मग पेव्हर टाका

आम्ही तब्येतीला उपयोगी पडतील अशा बागा आखून देतो. सोसायट्यांकडून, नर्सिंग होममधून येणारे फोन बहुतेक एकसारखेच असतात: "पेव्हर ब्लॉक टाकून झालेत, तुम्ही फक्त झाडं लावून द्या." काम अडतं ते इथेच. झाडाला खड्डा लागतो, ठिबकची नळी पेव्हरखालून न्यावी लागते, बाक सावलीत यावा लागतो. मग नवेकोरे पेव्हर उखडायचे आणि खर्च दुप्पट. म्हणून कॉन्ट्रॅक्टरला काम देण्याआधी आम्हाला जागा दाखवा.

जागा आम्ही सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी पाहतो. "फोटोवरून कोटेशन द्या ना," असं बरेच जण म्हणतात. पण ऊन कसं सरकतं ते फोटोत कळत नाही. एप्रिलमध्ये तापलेल्या ग्रॅनाइटच्या बाकावर कोणी टेकत नाही, आणि कोणी बसलंच नाही तर त्या बागेचा तब्येतीला काय उपयोग?

अमेरिकन संशोधक रॉजर उलरिक यांनी पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमधल्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. तो अभ्यास 1984 मध्ये छापून आला. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. अभ्यास छोटा आहे. बागेने आजार बरा होतो, असं आम्ही कुणाला सांगत नाही. पण नर्सिंग होमचं काम असलं की आधी खोलीत जाऊन कॉटवरच्या उशीच्या उंचीवरून बाहेर पाहतो. उभ्याने छान दिसणारा गुलाबाचा ताटवा तिथून दिसतच नाही; बहावा किंवा बकुळ दिसते.

इंग्लंडमधल्या सुमारे 20,000 लोकांच्या 2019 च्या पाहणीत, आठवड्याला किमान 120 मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं जास्त प्रमाणात सांगितलं. हा वेळ सलग असो की थोडा थोडा, फरक पडला नाही. म्हणजे आजी-आजोबांना रोज वीस मिनिटं आरामात बसता आलं पाहिजे. त्यासाठी बाकाला पाठ हवी, आणि उठताना जोर द्यायला हातही हवेत. असे बाक थोडे महाग पडतात, तरी आमचा आग्रह त्यांचाच.

व्हीलचेअर वळवायला दीड मीटर जागा सोडा, एक फूट उंचीला बारा फूट लांब रॅम्प धरा, गुळगुळीत फरशी टाळा. मुलं खेळतात तिथे कण्हेर नको, ती विषारी असते.

पाहणीची फी काम दिल्यावर बिलातून वजा होते. पहिल्या पावसात झाडं लावायची असतील तर मार्चपर्यंत कळवा आणि ड्रेनेजचा नकाशा काढून ठेवा.