केईएमच्या आधी कोलकाता: वंध्यत्वावरच्या उपचारांची पार्श्वभूमी

मूल होत नाही म्हणून जोडपं रुग्णालयात आलं की केसपेपर काढून आधी तीन गोष्टी बघतात. दर महिन्याला स्त्रीबीज बाहेर पडतं का, गर्भनलिका मोकळ्या आहेत का आणि वीर्यात चांगले हालणारे शुक्राणू पुरेसे आहेत का. तिसरी तपासणी सगळ्यांत सोपी. तरी बाईच्या सगळ्या तपासण्या होईपर्यंत घरोघरी तीच लांबवली जाते. हा अन्यायच आहे.

नलिकांची तपासणी तशी जुनी. १९२० च्या सुमारास न्यूयॉर्कचे डॉ. इसिडोर रुबिन गर्भाशयात वायू सोडत. नलिका मोकळ्या असल्या तर तो पोटात शिरे आणि उठून बसल्यावर बाईचा खांदा दुखे. खांदा दुखला की बातमी चांगली! आता एचएसजी करतात. औषध सोडून एक्स-रे काढायचा. आपल्याकडे नलिका बंद होण्यामागे पुष्कळदा क्षय निघतो. खोकला नाही, ताप नाही, आत मात्र तो मुरलेला असतो.

टेस्ट ट्यूब बेबीचं तंत्र, म्हणजे बीज आणि शुक्राणू शरीराबाहेर एकत्र आणून भ्रूण गर्भाशयात सोडणं, मुळात अशा बंद नलिकांसाठीच आलं. २५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमध्ये ओल्डहॅमला पहिलं बाळ जन्मलं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कोलकात्यात दुसरं. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन बीजं वाढवली, योनिमार्गातून काढली आणि भ्रूण गोठवून ठेवून मग गर्भाशयात सोडला. आज जगभर जे रुळलंय, ते त्यांनी तेव्हा केलं होतं. पण सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. त्यांना जपानच्या परिषदेला जाऊ दिलं नाही. पुढे बदली झाली ती डोळ्यांच्या संस्थेत! १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली.

६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळमधल्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून याच तंत्राने मुलगी जन्मली. नोंदी चोख होत्या, त्यामुळे देशातली पहिली म्हणून तिचीच नोंद झाली. पालिकेच्या रुग्णालयात हे घडलं, याचा मुंबईकरांनी अभिमानच बाळगावा. १९९२ मध्ये बेल्जियममधून इक्सी आलं. एकच शुक्राणू थेट बीजात टोचायचा. शुक्राणू फार कमी असलेल्या पुरुषांनाही त्यामुळे वाट मिळाली.

पुढे मुखोपाध्यायांची हस्तलिखित टिपणं आनंद कुमार यांच्या हाती आली. ती वाचून १९९७ मध्ये त्यांनी 'करंट सायन्स' या विज्ञान नियतकालिकात स्वतःच लिहिलं, की पहिलेपणाचा मान कोलकात्याच्या त्या डॉक्टरांचा आहे.